नुकुमिझु बाईंचा शिक्का

“तो पिवळा बघा ना, काका. फोटोत काय दिसेल!” म्हणत त्सुरुझाकीनं काचेवर टिचकी मारली.

काचेवर टिचकी मारू नये, अशी पाटी तिथंच होती. फुसाएनं लिहिलेली. पाटी लिहिणाऱ्या बाईला दुकानात किती किंमत असते, ते त्या टिचकीवरून समजावं.

जपानमधल्या कोकुरात, पचिंको या जुगारी खेळाच्या हॉलमागच्या गल्लीत हे दुकान. सरडे, कासवं, आणि नवख्यांना विकतात तो बॉल पायथन. फार तर तीन हात लांब, घाबरला की अंगाचा चेंडू करून डोकं आत लपवणारा अजगर. फुसाए नुकुमिझु, वय अठ्ठावन्न, नऊ वर्षं इथल्या पेट्या घासत होती. मालक त्सुरुझाकी चौतीस वर्षांचा. बापाचं दुकान आयतं मिळालेला.

समोर बसलेलं गिऱ्हाईक म्हणजे नेगोरो, निवृत्त बसड्रायव्हर. कुणीतरी स्टिअरिंग काढून घेतल्यासारखे हात मांडीवर ठेवून बसला होता.

“पहिलाच?” फुसाएनं विचारलं.

“पहिलाच. बायको होती तोवर झुरळ निघालं तरी मलाच घराबाहेर काढायची.” तो हसला, मग हसू आवरलं. “बिल्डिंगमध्ये कुत्रं-मांजर चालत नाही. हा भुंकत नाही म्हणे. घरात कुणीतरी श्वास घेणारं पाहिजे हो, बाई. बाकी काही नाही.”

“मावशी, कागद आणा,” त्सुरुझाकी घाईनं म्हणाला.

कागद कायद्याचा. अजगर विकण्याआधी समोरासमोर बसून सगळं सांगायचं, किती जगतो, काय खातो, कशानं मरतो. गिऱ्हाईकानं सही करायची आणि, या दुकानाच्या रीतीनं, सांगणाऱ्यानं सहीच्या जागी आपल्या नावाचा शिक्का मारायचा. फुसाएचा शिक्का गल्ल्याच्या ड्रॉवरमध्ये पडून असे. पार्सल आलं की मार शिक्का. सगळीकडे असंच चालतं, म्हणून तिनंही ठेवला. तिथंच ती चुकली. मालक तिच्या माघारी कोऱ्या कागदांवर तो ठोकून ठेवायचा.

हे तिला एप्रिलमध्ये कळलं. एक नर्स मुलगी आंघोळीच्या टॉवेलात मेलेलं पिल्लू गुंडाळून घेऊन आली. तीन महिन्यांत त्यानं एकही उंदीर गिळला नव्हता. “नीट खातो, असं तुम्हीच सांगितलंत ना?” तिनं कागद पुढं धरला. फुसाएनं त्या मुलीला कधी पाहिलंही नव्हतं; विक्री तिच्या सुट्टीच्या दिवशी झालेली. पण शिक्का तिचा. नुकुमिझु हे आडनाव इतकं विरळ की तयार शिक्क्यांच्या मांडणीत सापडत नाही; लग्नानंतर नवऱ्यानं मुद्दाम कोरून घेतलेला. त्यानं मागं ठेवलं ते एवढंच, आडनाव आणि शिक्का. फुसाए कमरेतून वाकली आणि टॉवेलाची माफी मागितली. मालक मागच्या खोलीत नूडल्स भुरकत होता.

तरी तिनं शिक्का ड्रॉवरमधून काढला नाही. मालकाला राग येईल म्हणून. या वयात दुसरं काम कोण देणार, म्हणून. भित्र्या माणसाला कारणं कधी कमी पडत नाहीत.

ती पिवळ्याच्या पेटीशी गेली. पेटीवरच्या कार्डावर तिनं दर आठवड्याला लिहिलेलं असायचं: खाल्लं नाही. सलग आठ वेळा. आज तिथं नवं करकरीत कार्ड होतं. खाल्लं, खाल्लं, खाल्लं. अक्षर मालकाचं. तिनं ड्रॉवरमधून कागद काढला. खाली तिचा शिक्का, शाई कधीचीच वाळलेली.

“मी तोंड उघडायच्या आत माझं सांगून झालं वाटतं,” ती म्हणाली.

“मावशींचे विनोद,” मालक हसला. “वाचा पटापट. काकांना बस पकडायची असेल.”

“मी कशाला पकडू?” नेगोरो म्हणाला. “चाळीस वर्षं लोकांनी माझी पकडली.”

फुसाएनं कागद उभा फाडला.

“काका, पिवळा आठ आठवडे जेवलेला नाही. हे कार्ड खोटं आहे. पहिला अजगर रंग बघून घ्यायचा नसतो, जेवताना बघून घ्यायचा.”

“ओ मावशी!”

“थांबा हो जरा,” नेगोरोनं मालकाकडं न बघता हात वर केला. “मग कुठला घेऊ?”

तिनं तळाच्या पेटीतली मादी काढून त्याच्या हातात दिली. अकरा वर्षांची, पहिल्या मालकानं परत आणून टाकलेली. गरम चटईनं पाठ भाजलेली; इस्त्री टेकवल्यासारखा डाग.

“जड आहे.”

“जडच पाहिजे. हलका लागला तर समजायचं, आत काहीतरी बिघडलंय. नाकाशी फेस नाही, डोळे स्वच्छ. बघून घ्या.”

“डाग दुखतो का हिला?”

“आता नाही.”

“किती जगतात?”

“तीस वर्षं.”

नेगोरोनं मनात हिशेब केला. “मी अडुसष्ट.”

“म्हणून तर पिल्लू नको. ते मागं राहील. ही तुमच्याबरोबर म्हातारी होईल.”

तिनं मादी पेटीत ठेवली, गोठवलेला उंदीर कोमट पाण्यातून काढून चिमट्यानं पुढं धरला. झप्प! नेगोरो खुर्चीसकट मागं सरकला. मग जवळ येऊन, तोंड उघडं ठेवून, शेवटपर्यंत बघत राहिला.

“आज नेऊ नका, ओकेल. मंगळवारी या.”

नव्या कागदावरची सगळी कलमं तिनं एकेक करून वाचली. नेगोरोनं सही केली. मग तिनं शिक्का शाईत दाबला आणि कागदावर सरळ उमटवला.

“उद्यापासून येऊ नका,” मालक तिच्या कानाशी म्हणाला.

“बरं.”

“शिक्का ठेवून जा. पार्सलं येतात.”

“पार्सलं तुमच्या नावानं येतात.” तिनं तो फडक्यानं पुसून खिशात टाकला.

नेगोरो दारात थांबला. “मंगळवारी तुम्ही असाल ना?”

“ती असेल. तळातली तिसरी पेटी. दुसरी दिली तर घेऊ नका.”

तो गेला. फुसाएनं पिवळ्याचं कार्ड काढून उलटं केलं आणि आठ तारखा घालून त्यांच्यासमोर आठदा लिहिलं: खाल्लं नाही. खाली शिक्का मारला. रात्रीपर्यंत मालक ते फाडणार, हे तिला ठाऊक होतं. तिनं पेटीतलं पाणी बदललं. पिवळा तसाच चेंडू होऊन बसला होता, डोकं आत.