बिनहळदीची बाई

दोन हजार सहा साली अंजूरच्या भाऊंनी शेतात गोडाऊनं उठवली, दारात नवी गाडी लावली. एवढं झाल्यावर घराण्याला इतिहास नको का? म्हणून अंगणातली संगमरवरी बाई त्यांनी मुंबईच्या म्युझियमला देऊन टाकली. तिथं पाटी लागली : इंग्रज साहेबाने भाऊंच्या आजोबांना दिलेली भेट.

भाऊंची थोरली बहीण आक्का म्हणजे गावची धवलारीण. तिने धवला गायल्याशिवाय अंजुरात नवरीला हळद लागत नसे. पाटीचं ऐकून ती नुसती हसली होती. पण भाऊंनी नातीच्या, करिष्माच्या हळदीला म्युझियमच्या उन्नती मॅडमना मिरवायला बोलावलं, आणि मॅडम कौतुकाने म्हणाल्या, "सोमवारी मूर्तीच्या गालांवरचे पिवळे डाग काढतोय. अगदी नवी दिसेल!"

आक्काने हळदीची वाटी खाली ठेवली. त्या गालांवर तिच्या आईची हळद होती, तिची स्वतःची होती.

"आक्का, गा की. माणसं खोळंबलीत."

"गात न्हाय. आधी या म्युझियमच्या पोरीला सांग, ती बाई कुठनं आली."

"पाटीवर हाय ना!"

"पाटीवर तुजा साहेब हाय."

"डीजे आणलाय मी, आक्का. तू न्हाय गायलीस तरी—"

"मग डीजेलाच सांग हळद लावायला."

पाटावरची करिष्मा उठली. "आजोबा, आक्काआजी गाईपर्यंत मी बसत नाही."

भाऊंनी मांडवभर नजर फिरवली. खरं ठाऊक नसलेली तिथं एकटी मॅडमच.

"आजाला खाडीच्या चिखलात गावली," ते पुटपुटले.

"माइकवर," आक्का म्हणाली.

माइकवर सगळंच सांगावं लागलं. आजाने तिच्या गळ्यात दोर टाकून होडी बांधली होती. आजीने तिला अंगणात आणवलं. पण बिनहळदीची बाई दारात कशी ठेवायची? म्हणून घरातल्या पुढच्या लग्नात पहिली हळद तिला. तेव्हापासून प्रत्येक नवरीच्या आधी ती.

"आणि मूर्ती मी दिली हाय," शेवटी भाऊ गरजले, जणू हट्ट पहिल्यापासून त्यांचाच, "हळद पुसायची न्हाय!"

मॅडम गोंधळल्या. "पण मी वरिष्ठांना काय सांगू?"

आक्काने वाटी उचलली, धवला धरला आणि करिष्माला ओलांडून थेट मॅडमपुढे उभी राहिली.

"आमची बाई नेलीस ना, पोरी? मग औंदाची पहिली हळद तुला."

दोन्ही गालांवर चांगली घसघशीत चोळली.

"सोमवारी तुज्या साहेबाला म्हणावं, आधी हे धुवून दाखव."