अकरा मिस्ड कॉल

टेलिफोन खात्यात मी एकतीस वर्षं काढली. लोकांच्या लाइनी जोडल्या, तोडल्या, आणि ट्रंक कॉलची तीन मिनिटं नुसतं "ऐकू येतंय का" विचारण्यात घालवणारी माणसं हजारांनी ऐकली. बोलण्याचे पैसे पडतात, हे माझ्या हाडात मुरलंय. घरात कुणी फोनवर रेंगाळलं की मी घड्याळाकडे बघायचो. आता बघत नाही. का बघत नाही ते सांगताना माझीच मान खाली जाणार आहे, पण सांगतो.

मुलीने आणि जावयाने आम्हा दोघांना बर्फात नेलं. परदेशात, आठवडाभर. स्कीइंग त्यांनी शिकायचं, आम्ही हवा खायची. निघण्याआधी जावई म्हणाला, "बाबा, चौघांच्याही फोनवर परदेशातलं पॅक टाकतो. मग बोला हवं तेवढं."

"तुमचे टाका," मी म्हटलं. "आमचे नकोत. टेलिफोनवाल्याला टेलिफोन शिकवता होय, जावईबापू?"

तो हसला आणि त्याने त्या दोघांचेच टाकले. गुणी माणूस आहे, वाद घालत नाही.

माझी युक्ती साधी होती. माझा आणि हिचा फोन चालू ठेवायचा, पण इंटरनेट बंद. उचलला तर पैसे, नाही उचलला तर फुकट. म्हणून फोन उचलायचाच नाही. मिस्ड कॉल द्यायचा. एका जुन्या कार्डाच्या पाठीवर मी झोकात लिहून दिलं: एक म्हणजे पोचले. दोन म्हणजे निघाले. तीन म्हणजे उशीर होईल. कार्ड हिच्या पर्समध्ये ठेवलं आणि विमानात तिच्याकडून पाठही करून घेतलं. ही माझ्याबरोबर चाळीस वर्षं संसार केलेली बायको, दोन मुलांना पाढे शिकवलेली, ती माझ्यासमोर एक-दोन-तीन म्हणून दाखवत होती. मला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही.

पहिल्या दिवशी मुलगी-जावई शिकायला गेले. शिकवणाऱ्या बाईने त्यांना खिसे रिकामे करायला लावले, पडताना काही टोचू नये म्हणून. त्यांचे फोन लॉकरमध्ये. जावयाने आम्हा दोघांना पाळण्याचे आठवडाभराचे पास काढून दिले होते, तारेवरून डोंगराच्या माथ्यावर नेतो तो पाळणा. माझे गुडघे कुरकुरतात, म्हणून मी खाली कॅफेत बसलो. ही एकटीच वर गेली. तिला उंचावरची भीती नाही, मला आहे. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

अर्ध्या तासाने फोन वाजला आणि सवयीने माझ्याकडून उचलला गेला.

"अहो," ही म्हणाली, "इथे ढग खाली आहेत आणि आपण वर. तुम्ही यायला हवं होतं. खाली काही म्हणजे काहीच दिसत नाही, नुसता कापूस, आणि मध्येच एक—"

"हे सांगायला फोन केलास? खाली येऊन सांगता आलं नसतं?" मी म्हटलं आणि ठेवला.

एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण संध्याकाळी जेवताना, मुलगी-जावयासमोर, मी तो विषय पुन्हा काढला. "तुझ्या ढगांचे किती पडले माहितेय? तेवढ्यात इथे चौघांची कॉफी झाली असती." ही ताटाकडे बघत राहिली. "चुकलं माझं," म्हणाली. मुलगी माझ्याकडे नुसती बघत होती. मला वाटलं, बघू दे, शिस्त लागेल सगळ्यांना. आणि ढगांच्या मध्येच एक काय होतं, ते मी विचारलंच नाही.

दुसऱ्या दिवशीही मुलगी-जावई शिकायला, फोन लॉकरमध्ये. जेवण उरकून ही पुन्हा वर गेली. ढग पुन्हा बघायचे म्हणाली. मी कॅफेत.

आता त्या कॅफेतला माझा उद्योग सांगायलाच हवा. तिथे बिलावर एक नंबर छापलेला असायचा, तो टाकला की अर्धा तास वायफाय. पुढचा अर्धा तास हवा तर पुन्हा काहीतरी घ्या. मी एक कॉफी घ्यायचो. ती संपली की लोक उठून गेलेल्या टेबलांवरची बिलं गोळा करायचो. उष्ट्या कपांखालची, ओली झालेली, कुणी चुरगाळून टाकलेली. सपाट करायची, चष्मा वर करून नंबर वाचायचा. कपबशा उचलणारी पोरगी माझ्याकडे बघून न बघितल्यासारखं करायची. मला त्याचीही ऐट वाटायची. त्या फुकटच्या वायफायवरून मी आमच्या जुन्या एक्स्चेंजच्या ग्रुपवर बर्फाचे फोटो टाकत होतो आणि खाली लिहीत होतो: परदेशातून, एक पैसा खर्च न करता. मित्र वाहवा करत होते.

चार वाजून आठ मिनिटांनी हिचा कॉल आला. मी कापला. म्हटलं, पोचली. लगेच दुसरा. कापला. म्हटलं, निघाली. तिसरा. उशीर होईल, ठीक आहे. मग चौथा आला. पाचवा आला. सहावा बराच वेळ वाजत राहिला, शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघायला लागली, तेव्हा मी तोही कापला. असे अकरा. अकराला कार्डावर काहीच नव्हतं.

मी काय केलं? मी ग्रुपवर लिहिलं, "बायकोला तीनपर्यंतच मोजायला शिकवलं होतं, गाडी अकरावर गेली. ब्रेक फेल." धडाधड हसणारी तोंडं आली. डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसणारी ती तोंडं. मी पुढचं बिल शोधायला उठलो.

सव्वापाचला मुलगी आणि जावई आले, गाल लाल, आनंदात.

"आई कुठेय?" मुलीने विचारलं.

"येईल. उशीर होईल म्हणून कळवलंय."

"कसं कळवलंय?"

मी फोन दाखवला. तिने आकडा वाचला आणि तिच्या तोंडावरचा सगळा रंग गेला. "बाबा, आईने अकरा वेळा फोन केला आणि तुम्ही एकदाही उचलला नाहीत?"

मी काही बोलणार तेवढ्यात तिथलाच कुठलातरी अनोळखी नंबर वाजला. लाज वाटते सांगायला, पण माझा अंगठा सरळ लाल बटणावर गेला. मुलीने फोन हातातून हिसकावला, उचलला, दोन शब्द ऐकले आणि माझ्या कानाला लावला.

"अहो," पलीकडून ही. आवाज थरथरत होता, पण घाई तीच. "हा फोन इथल्या माणसाचा आहे, त्याचे पैसे जातील, पटकन सांगते. मी डोंगराच्या भलत्याच बाजूला उतरले. पडले. हात मोडलाय बहुतेक. बाकी बरी आहे. काळजी करू नका. ठेवते."

आणि ठेवला. कुठे आहे ते न सांगता ठेवला. त्याचे पैसे जायला नकोत म्हणून.

मुलीने परत फोन लावून त्या माणसाकडून पत्ता घेतला. डोंगर एकच, पण रस्त्याने वळसा घालून तास-सव्वातास. जावई गाडी चालवत होता. अर्ध्या वाटेत मुलीने पुढे बघतच विचारलं, "पहिला फोन कितीला आला होता?"

"चार आठला."

"त्या बाजूने वर यायचा शेवटचा पाळणा साडेचारचा असतो. पाटी आहे तिथे, पण तिला ती वाचता येणार नव्हती."

बस, एवढंच म्हणाली. पुढचा हिशोब मी मनात केला. बावीस मिनिटं. पहिला फोन उचलून मी एक वाक्य बोललो असतो, ज्यात बसून आलीस त्यातच परत बस, तर ती पाच वाजता माझ्यासमोर कॉफी पीत असती. एका वाक्याचे असे किती पडले असते? खात्यात मी लोकांना कनेक्शन देत होतो आणि स्वतःच्या बायकोची लाइन अकरा वेळा कापून बसलो होतो. माझं तोंड कुठे लपवू असं झालं. गाडीत लपवायला जागा नव्हती.

ही पाळणा चालवणाऱ्या माणसाच्या खोलीत हीटरशेजारी बसली होती. त्याचाच जाडजूड कोट अंगावर. शेवटचा पाळणा गेला तेव्हा ती वाट शोधत पायऱ्या उतरायला गेली होती आणि गोठलेल्या पायरीवरून घसरली होती. कुलूप लावून घरी निघालेल्या या माणसाला ती बाकावर बसलेली दिसली. त्याने पुठ्ठा आणि चिकटपट्टी लावून तिचा हात बांधला होता, अगदी नीट. मला बघून तो मुलीला काहीतरी म्हणाला.

"काय म्हणतोय?" मी विचारलं.

"काही नाही, बाबा."

दवाखान्यात हिला प्लॅस्टर घालत होते तेव्हा बाहेर मी जावयाला तेच विचारलं. तो जरा अडखळला. "म्हणत होता, मला वाटलं या बाईंना कुणी नाही."

आत गेलो. हिच्या चांगल्या हातात ते कार्ड होतं. मऊ पडलेलं, कडा ओल्या.

"हे काय धरून बसलीयेस?" मी म्हटलं.

"बाकावर बसले होते ना, तेव्हा काढलं. म्हटलं चौथं काही लिहिलं असेल, माझ्या ध्यानात राहिलं नसेल." मग माझा चेहरा बघून तीच म्हणाली, "कुठल्या पाळण्यात बसायचं तेच चुकलं हो माझं. दोन होते सारखेच. तुम्ही जेवलात का?"

चुकलं माझं, हे दोन शब्द ती किती सहज म्हणते. मला चाळीस वर्षांत जमले नव्हते, त्या खोलीत तर मुळीच जमले नाहीत.

सकाळी जावयाला म्हटलं, आमच्या दोघांच्या फोनवर ते पॅक टाका. त्याने निमूटपणे टाकलं. ग्रुपवरचा माझा विनोद काढून टाकायला गेलो, पण वेळ उलटून गेली होती, निघेना. तो अजून तिथेच आहे, हसणाऱ्या तोंडांसकट. मग मी हॉटेलच्या खाली रस्त्यावर जाऊन उभा राहिलो. समोरासमोर मला बोलता येत नाही, फोनवर येईल असं वाटलं. तिला सांगायचं होतं की चुकलं माझं, आणि विचारायचं होतं की त्या ढगांच्या मध्येच एक काय होतं.

फोन लावला. दोनदा वाजला आणि तिने कापला. पुन्हा लावला. पुन्हा कापला. तिसऱ्यांदा लावला तेव्हा ती खिडकीत आली. गळ्यात अडकवलेला प्लॅस्टरचा हात, दुसऱ्या हातात फोन. मी हाताने खूण करत होतो, उचल, उचल म्हणून. तिने माझ्या डोळ्यांदेखत तोही कापला, कळलं अशी मान हलवली आणि आत गेली.

मी धापा टाकत जिना चढून वर गेलो.

"एवढ्यात आलात?" ती म्हणाली. "तीन दिले होतेत ना. मला वाटलं उशीर होईल."

"अगं, पॅक टाकलंय. बोलायला पैसे पडत नाहीत आता. उचलायचास की."

"असू दे. उगाच कशाला."

मी हात पुढे केला. "ते कार्ड दे इकडे. फाडून टाकतो."

तिने पर्स जवळ ओढली आणि मांडीवर ठेवली. रागाने नाही, अगदी शांतपणे.

"राहू द्या माझ्याजवळ," म्हणाली. "अजून चार दिवस काढायचेत इथे."