नाचलेलं लाकूड

"काकू, जरा हात लावता का? ही मूर्ती उलटवून बघायची आहे," ऋषिकेश म्हणाला.

प्रेमिलाबाईंनी पदर खोचला आणि दोघांनी मिळून ती लाकडी बाई टेबलावर आडवी केली. डोकं, लांब मान आणि छातीपर्यंतचं अंग, एवढीच ती बाई. कपाळापासून मागे गेलेला केसांचा उंच तुरा, गालांवर कोरलेल्या बारीक रेघा. वीस वर्षं ती जरीपटका वस्तीतल्या या घरात टीव्हीशेजारी उभी होती. हॉस्पिटलातली नर्सची ड्युटी करून आल्यावर प्रेमिलाबाई तिच्यावरूनही फडकं मारायच्या, तेवढाच काय तो संबंध.

ऋषिकेशचं सदर भागात जुन्या वस्तूंचं दुकान होतं. प्रेमिलाबाईंच्या लेकीने, मेघाने, हैदराबादहून बाईचा फोटो विक्रीसाठी इंटरनेटवर टाकला होता. पुढच्या महिन्यात आईने घर रिकामं करून तिच्याकडे जायचं ठरलं होतं.

त्याने मोबाईलचा उजेड आतल्या पोकळीत पाडला आणि बराच वेळ बघत राहिला.

"आत लाकूड कसं काळं, गुळगुळीत झालंय बघा. घाम आहे हा. आफ्रिकेत गिनी देशाच्या समुद्रकाठी बागा नावाचे लोक राहतात. धान पिकवतात. लग्नाकार्यात, कापणी झाली की असली बाई डोक्यावर बांधून नाचतात. अशा वस्तू जमवणारे हौशी लोक यासाठीच जीव टाकतात. विकायला म्हणून कोरलेली त्यांना नको असते. नाचलेली पाहिजे."

"दुसऱ्याच्या घामाची हौस म्हना," प्रेमिलाबाई म्हणाल्या.

तो हसला. "तसंच काहीसं. काकांनी कुठून आणली, याचं काही आहे का? पत्र, फोटो?"

काका म्हणजे प्रेमिलाबाईंचे पती आनंदराव, रेल्वेच्या इंजिनांचे फिटर. गिनीत खाणीच्या गाड्यांवर कंत्राटाने गेले आणि नऊ वर्षं राहिले. दोन वर्षांतून एकदा यायचे, आणि आले की पाहुण्यासारखे खुर्चीच्या टोकाशी बसायचे. इथे मेघाची शाळा, अंथरुणाला खिळलेली सासू, रात्रपाळ्या, सगळं प्रेमिलाबाईंनी एकटीने ओढलं. कायमचे परतले तेव्हा सोबत ही बाई. "एवढी जड काहून आनली जी?" त्यांनी विचारलं होतं. "दिली एकानं," एवढंच उत्तर मिळालं. त्यानंतरची चौदा वर्षं एका छताखाली गेली, पण बोलणं तेवढ्यावरच राहिलं. आनंदराव जाऊन आता सहा वर्षं झाली होती.

त्या आतून नोकरीच्या कागदांची पिशवी घेऊन आल्या. करारपत्रं, जुना पासपोर्ट, आणि पासपोर्टात दडवल्यासारखा एक फोटो.

गावातलं मोकळं मैदान. ढोल वाजवणारी माणसं, टाळ्या वाजवणाऱ्या बाया. मधोमध एकाच्या डोक्यावर हीच लाकडी बाई, अंगात गवताचा झगा. बाईच्या खाली त्याचा घामाने थबथबलेला चेहरा, तोंड उघडं टाकून हसणारा. प्रेमिलाबाईंनी चष्मा पुसला. फोटो उलटून पाहिला. मागे आनंदरावांचं ओळखीचं अक्षर होतं: "कामसार, गिनी. धान कापल्यावर. मी."

चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत सारी गल्ली नाचायची. हा माणूस कडेला लोकांच्या चपला सांभाळत उभा राहायचा. एका वर्षी प्रेमिलाबाईंनी हाताला धरून ओढलं होतं. "मले नाही जमत वं," म्हणाले होते. पुन्हा त्यांनी कधी ओढलं नाही.

ऋषिकेशने फोटो पाहिला आणि त्याचा आवाजच बदलला. "काकू, हा सोबत असला तर किंमत दुप्पट होईल. बाई खरी नाचलेली आहे, याचा पुरावाच आहे हा."

"बाई घेऊन जा. फोटो नाही देत."

"पण काकू, मेघाताईंनी सगळं द्यायचं म्हटलंय. फोटोचा काय उपयोग तुम्हाला? काकांचे आणखी असतील ना."

"हायेत नं. लगनातला हाय, रिटायरमेंटचा हाय." त्यांनी फोटो त्याच्या हातातून परत घेतला. "या मानसाले मी आज पहिल्यांदा पाहून राहिली, बाबू. लगेच कशी देऊ?"

बाईला जुन्या चादरीत गुंडाळून त्याने ऑटोत ठेवलं. प्रेमिलाबाईंनी फाटकापर्यंत जाऊन मान नीट टेकली आहे ना, तेवढं पाहिलं.

घरात आल्यावर मेघाचा फोन आला. "गेली का वं आई?"

"गेली."

"चला, एक काम झालं. तू जेवली?"

"जेवतो," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

दुपारची गल्ली सुनसान होती. त्यांनी फोटो खिडकीच्या उजेडात धरला. गवताच्या झग्याखाली पाय दिसत होते, धुळीने पांढरे. उजवा टेकलेला. डावा गुडघ्यात वाकून वर.

प्रेमिलाबाईंनी चपला काढल्या. टेबलाचा काठ घट्ट धरला, आणि डावा पाय तेवढाच वर उचलून पाहिला.