लोण्याच्या डब्याची कड

आईचं सँडविच करायला मला साडेसहा मिनिटं लागतात. तांदळाच्या पिठाच्या पावाचे दोन काप तव्यावर, शेजारी एक अंडं, वर चीज आणि टोमॅटोच्या दोन चकत्या. लोणी दोन्ही बाजूंनी सढळ हाताने लावायचं, नाहीतर या पावाचा ताटलीतच भुगा होतो.

आई बस चालवते. म्हणजे चालवायची. गहू तिच्या आतड्यांना सोसत नाही हे कळेपर्यंत अंगातलं रक्त इतकं कमी झालं होतं, की एका सकाळी तिला स्टिअरिंगवरच घेरी आली. बस कशीबशी कडेला लागली. तेव्हापासून डेपोने तिला चौकशीच्या खिडकीत बसवलं होतं. रिपोर्ट सुधारला तरच बस परत.

तीन महिने झाले, तिच्यासाठी तवा वेगळा, सुरी वेगळी, पावाचा डबा वेगळा. तरी पोटात कळ यायची ती यायचीच. नवा रिपोर्ट आला, तर गव्हाचा त्रास दाखवणारा रक्तातला आकडा जिथल्या तिथे, चढलेलाच.

"कुठून तरी गहू पोटात जातोय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दोन महिन्यांनी पुन्हा तपासू."

डेपोनेही तेवढीच मुदत दिली. त्यानंतर खिडकी कायमची.

"चोरून बिस्किटं खातेस का गं?" बाबांनी आईला विचारलं.

"हो तर! उशीखाली पुडाच ठेवलाय. तुम्ही घोरायला लागलात की कुरूम कुरूम."

हसली, पण ताटलीतलं अर्धं सँडविच तिने तसंच सरकवून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गॅस पेटवलाच नाही. स्टुलावर बसले आणि सगळ्यांचे हात बघत राहिले.

"आज संप का, शास्त्रज्ञीणबाई?" बाबा म्हणाले.

बाबा रंगारी आहेत. त्यांनी आपल्या गव्हाच्या पावावर लोणी फासलं, भिंतीला पहिला हात द्यावा तसं, पार कडेपर्यंत. मग सुरी डब्याच्या कडेवर पुसली. एकदा या अंगाने, एकदा त्या अंगाने. ब्रशवरचा जादा रंग डब्यात परत जावा म्हणून तीस वर्षं जे करत आलेत, तेच.

मी डबा उचलून खिडकीशी नेला. कडेच्या आतून पावाच्या चुऱ्याची तपकिरी रेघ होती. आणि आईची ती वेगळी, घासूनपुसून ठेवलेली सुरी मी रोज याच डब्यात घालत होते.

"बाबा, हे बघा."

त्यांनी चष्मा लावला. कडेच्या आतून बोट फिरवलं. "म्हणजे मीच तिला..."

"मीही," मी म्हणाले. "माझ्या यादीत तवा होता, सुरी होती. लोणी नव्हतंच."

"झालं? संपला खटला?" आई म्हणाली. "आता दोघं मिळून नवीन लोणी आणा. मला भूक लागलीय."

संध्याकाळी बाबांनी झाकणाचा छोटा डबा आणला, बाहेरून बसच्या रंगाचा पिवळा रंग दिला आणि ठसठशीत अक्षरांत लिहिलं : 'ड्रायव्हर'. "दुसऱ्या कुणी हात लावला तर बोटं रंगवीन," असा दमही भरला.

पंधरवड्यात कळा थांबल्या. दोन महिन्यांनी आकडा निम्म्याच्या खाली आला, रक्तही वाढलं. डेपोच्या डॉक्टरांनी तपासून सही केली : पहिली बस, सध्या महिनाभर.

आज पहाटे आईने सँडविच उभ्यानेच संपवलं, चुरासुद्धा टिपून खाल्ला आणि गेली. थोड्या वेळाने आम्ही दोघं खिडकीत उभे राहिलो. बाबांच्या एका हातात लोण्याची सुरी, दुसऱ्यात ती पुसायचं फडकं. बस कोपऱ्यावरून वळली. आईने वर बघितलं नाही, नजर रस्त्यावर. फक्त हॉर्न वाजवला, चांगला लांबलचक.

"ऐकलंस?" बाबा म्हणाले. "पोट दुखत असतं तर एवढा वाजवला असता का?"

हॉर्नचा आणि पोटाचा तसा काही संबंध नाही. पण मी ते बोलले नाही.