काठवटीच्या भेगेतलं खमीर

मी एक जुनं खमीर आहे. आंबट वासाचा पिठाचा गोळा, दुसरं काय! पण मित्रांनो, नाक मुरडू नका. लातुरात दिलशादच्या भट्टीवरची रोटी फुगायची ती माझ्याच जोरावर.

दिलशादच्या सासूनं मला तिच्या हाती सोपवलं, तेव्हाच मी म्हातारी होते. घरची रीत एकच. कणीक मळली की रोट्या थापायच्या आधी एक गोळा बरणीत राखायचा. तो गोळा म्हणजे मी. कणीक मळायच्या लाकडी काठवटीला साबण लावायचा न्हाई, नुसती पुसायची.

भूकंप झाला त्या हिवाळ्यात भीतीनं सगळा मोहल्ला उघड्यावर झोपायचा. भट्टी थंड. गारठ्यानं माझा जीव आखडला. दिलशादनं बरणी शालीत गुंडाळून पोटाशी धरली. तिचा नवरा हनीफ हसला, "लोक दागिने सांभाळायलेत, अन् तू पीठ!"

"दागिना भाजून खाता येतो का?" ती म्हणाली.

भट्टी पुन्हा पेटली, तेव्हा पहिल्या रोट्या घरं पडून तंबूत आलेल्या लेकरांना गेल्या. मी लई फुगले होते तेव्हा, अंगानंही अन् मनानंही.

पुढं गावात क्लासेस आले, गल्लोगल्ली शिकणारी पोरं आली. दिलशादची सून रुखसार हिनं मेस काढली. हात चलाख, पण सदा घाई. ऐन थंडीत एका सकाळी रोट्या कमी पडल्या. तिनं राखलेला गोळाही भाजला, अन् बरणी साबणानं लख्ख घासली.

रिकामी बरणी दिलशादनं उचलून हुंगली. "सासूचं खमीर होतं गं!"

"अम्मी, बाजारात यीस्टची पुडी मिळते. आणून देते."

"अन् सासू मिळते का पुडीत?"

दिलशादनं काठवटीच्या भेगांतला माझा वाळका पापुद्रा नखानं खरवडला, कोमट पाण्यात पिठाबरोबर कालवला. बरणी पुन्हा शालीत, पुन्हा पोटाशी. रोज चिमूटभर पीठ. मी निपचित पडून होते. रुखसार येता-जाता झाकण उघडून बघायची.

एका सकाळी माझा एक बुडबुडा फुटला.

"अम्मी, श्वास घेतला हिनं!"

"वरडू नको. झाकण लाव आधी, थंडी वाजती तिला."

मित्रांनो, आता पोरं ताटं वाजवत बसली तरी रुखसार आधी माझा गोळा काढते. तुमच्या घरात असं काही जित्तं असेल, तर त्याचा घास आधी काढा. दरवेळी काठवटीत भेग सापडेलच, असं न्हाई.