रुखवतातली साळुंकी

नागपूरच्या नंदनवन भागात राहणाऱ्या देवकीच्या सरगुंड्यांना कोणी नावं ठेवल्याचं आजवर ऐकिवात नाही. कणकेची बारीक दोरी काडीवर गुंडाळायची, वळी अलगद काढून उन्हात वाळवायची, आणि शिजवून आंब्याच्या रसासोबत खायची. यात मोठी विद्या नाही म्हणणाऱ्यांनी एकदा करून पाहावं. देवकीचं सरगुंडं उकळत्या पाण्यात पडलं तरी आपली वळी सोडत नसे. सोबत शेवया, कुरड्या, मुगाचे पापड असत. तिच्या गच्चीवर आठ बाया राबत आणि आठही घरांचा संसार त्यावर चाले.

तिच्या पाकिटावर वर बारीक 'श्री' आणि खाली चोचीत सरगुंडं धरलेली साळुंकी असे. हे चित्रही उगाच आलेलं नव्हतं. विकण्यासाठी म्हणून पहिल्यांदा माल वाळत घातला, तेव्हा एका साळुंकीने देवकीच्या डोळ्यांदेखत एक सरगुंडं पळवलं. समोरच्या दुकानाची पाटी रंगवत नत्थूजी पेंटर शिडीवर उभे होते. ते खाली उतरून म्हणाले, "बाई, तुमचं पयलं गिऱ्हाईक येऊन गेलं." आणि त्यांनी तिथल्या तिथे पुठ्ठ्यावर साळुंकी काढून दिली. तिची शेपटी जराशी वाकडी आली, ती वाकडीच राहिली. लोक दुकानात जाऊन 'साळुंकीवाले द्या' म्हणू लागले. नत्थूजींना जाऊन आता सात वर्षं झाली.

यंदाच्या मार्चमध्ये कामठीची एक जुनी गिऱ्हाईक पाकीट घेऊन भांडायला आली. शिजवताना सरगुंड्यांचा पार लगदा झाला होता. देवकीने पाकीट उलटंसुलटं केलं. साळुंकी तीच, शेपटीही तशीच वाकडी. मागचा पत्ता मात्र इतवारी बाजारातल्या अंकुश नावाच्या व्यापाऱ्याचा होता. चोरी करायची तर निदान शेपटी तरी सरळ करावी, पण तेवढेही कष्ट त्याने घेतले नव्हते. देवकी त्याला जाब विचारायला निघणार, तोच त्याच्याच वकिलाची नोटीस दारात आली. साळुंकी २०१९ पासून आमची आहे, नोंदणीसाठी आम्ही अर्ज केला आहे, तुम्ही ती वापरणं ताबडतोब बंद करा. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या अशा.

मागच्या गल्लीतली भैरवी वकील झाली होती. लहानपणी देवकीच्याच गच्चीवर ओल्या कुरड्या चोरून खाऊन ती मोठी झालेली, तेव्हा देवकी नोटीस घेऊन तिच्याकडेच गेली. सोबत देवकीचे यजमान भैयाजीही होते. भैरवीने नीट समजावून सांगितलं. नुसता अर्ज केला म्हणून चित्र कोणाचं होत नाही, ज्याने आधीपासून वापरलं त्याचं पारडं जड. अर्जावर आक्षेप घ्यायला अजून महिनाभर मुदत आहे. फक्त २०१९च्या आधीचं काहीतरी पाहिजे, जुनं लेबल, बिलबुक, छपाईची पावती, काहीही. ते नसलं तर साळुंकी जाईल, आणि काकूंच्या नावावर लगदा विकला जाईल.

देवकीने यजमानांकडे पाहिलं. भैयाजींनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं.

त्यांच्या घरी 'श्री' लिहिलेला कागद रद्दीत जात नसे की चुलीत जात नसे. पाकिटावर 'श्री' होतं, बिलबुकावर 'श्री' होतं, छापखानेवालाही धार्मिक असल्यामुळे त्याच्या पावतीवरही होतं. दर दिवाळीनंतर भैयाजी वर्षभराचे सगळे कागद देवाच्या निर्माल्यासोबत बांधत, कामठीला जात, आणि हात जोडून कन्हान नदीत सोडत. चौदा वर्षांचा पुरावा त्यांनी असा मोठ्या भक्तिभावाने बुडवला होता. छापखाना लॉकडाऊनमध्ये बंद पडला होता. भैरवीने कपाळावर हात मारला.

मग देवकीने जुन्या गिऱ्हाइकांना फोन लावायला सुरुवात केली. चव सगळ्यांना आठवत होती, पाकीट एकानेही ठेवलं नव्हतं. खाण्याच्या पदार्थाचं पाकीट जपून ठेवायला लोकांना काय वेड लागलंय? शेवटी तिला सावनेरची मनकर्णा आठवली. २०१२ साली लेकीच्या, सोनिकाच्या लग्नात रुखवतासाठी तिने एकवीस पाकिटं नेली होती. कदाचित एखादा फोटो असेल, या आशेने देवकीने फोन लावला. पलीकडून मनकर्णा तुटकपणे म्हणाली, "तुमचा काहीतरी घोटाळा होऊन राहिला बाई. आम्ही रुखवताचं सारं घरीच केलं होतं." आणि फोन ठेवला.

तो शब्द देवकीच्या जिव्हारी लागला. अंकुश परका, पण ही तर तिच्या गच्चीवर बसून चहा पिऊन गेलेली बाई. त्या दिवशी संध्याकाळी तिने आठही बायांना बोलावून सांगून टाकलं की साळुंकी बहुतेक जाईल. एकीने वाळत घातलेल्या सरगुंड्यांवरचं फडकं सारखं केलं आणि सगळ्या जिना उतरल्या.

चौथ्या दिवशी दुपारी मनकर्णा दारात उभी. सावनेरहून बसने आलेली, घामाघूम झालेली, काखेत कापडी पिशवी. पाणी प्यायच्या आधीच ती बोलू लागली.

"फोन आला तवा विहीनबाई बाजूलेच बसून होत्या. मले खोटं बोला लागलं."

देवकीला आधी कळेचना. मग उलगडा झाला. रुखवत म्हणजे वधूच्या आईच्या हाताची परीक्षा. मांडलेल्या जिनसांभोवती फिरून वरपक्षाच्या बाया एकेक वस्तू पारखतात, आणि 'विकत आणलं' हे शब्द तिथे तोंडातून काढायचे नसतात. मनकर्णाने पाकिटं फोडून सगळा माल घरच्या दुरड्यांत रचला होता आणि सारं आपणच केल्याचं सांगितलं होतं. विहीणबाईंनी ते अख्ख्या नातलगांत गाजवलं. तेरा वर्षं झाली, आजही कुठल्या लग्नात रुखवताची गोष्ट निघाली की त्या मनकर्णाच्या हाताचे गोडवे गात.

पिशवीत लग्नाची सीडी होती. भैरवीच्या ऑफिसातल्या जुन्या कॉम्प्युटरवर ती लावली. हळद झाली, बांगड्या झाल्या, आणि मग कॅमेरेवाला, या लोकांना कुठे थांबावं ते कधीच कळत नाही, थेट मागच्या खोलीत शिरला. तिथे मनकर्णा आणि तिच्या दोन बहिणी पोत्यावर बसून कात्रीने पाकिटं फोडत होत्या. कॅमेरा दिसताच मनकर्णा दचकली. "इकडचं नको काढू गा," असं ओरडत तिने हातातलं पाकीट तोंडासमोर धरलं. पडदाभर साळुंकी आली. वर 'श्री', खाली वाकडी शेपटी, पॅकिंगचा महिना एप्रिल २०१२, आणि कोपऱ्यात चित्रीकरणाची तारीख. तोंड लपवायला धरलेल्या पाकिटाइतका स्वच्छ पुरावा भैरवीने आपल्या वकिलीत पाहिला नव्हता.

भैयाजींनी कॉम्प्युटरलाच हात जोडले.

भैरवी मात्र जरा गंभीर झाली. तिने मनकर्णाला सांगितलं, नुसती सीडी पुरणार नाही. तुम्हाला प्रतिज्ञापत्र द्यावं लागेल, त्यात रुखवत विकत घेतल्याचं लिहावं लागेल, आणि त्याची प्रत समोरच्याकडे जाईल. सावनेर काही फार मोठं नाही, गोष्ट विहिणीपर्यंत पोचू शकते. देवकीनेही तिचा हात धरून म्हटलं, राहू दे, माझ्यासाठी एवढं नको करू.

मनकर्णाने पडद्यावरच्या त्या थांबलेल्या चित्राकडे बोट केलं.

"तेरा वर्षं हिच्या हाताचं कौतुक मी माह्या नावावर खाल्लं," ती म्हणाली. "आता दुसरा कोनी हिचं नाव खाऊन राहिला, अन् मी गप बसू? तो अंकुश अन् मी, मंग दोघांत फरक काय राह्यला? कुठी सही करू ते सांग, पोरी."

देवकीला रडू आवरेना. चार दिवस जिच्या नावाने मनात बोटं मोडली, तीच बाई आपली अब्रू पिशवीत घालून उन्हातान्हात आली होती.

पुढचं सगळं सरळ झालं. आठवड्याने कागद तयार झाल्यावर मनकर्णा पुन्हा येऊन सही करून गेली. आक्षेप दाखल झाला, आणि नोटिशीच्या उत्तरासोबत चित्रफितीची प्रत गेली. तीन आठवड्यांत अंकुशने अर्ज मागे घेतला, बाजारातली पाकिटं उचलली आणि यापुढे साळुंकी वापरणार नाही असं लिहून दिलं. भैरवीने देवकीच्या नावाने नोंदणीचा अर्ज केला. फी म्हणून काय घेशील विचारलं, तर म्हणाली, लहानपणी खाल्लेल्या कुरड्या अजून फिटायच्या आहेत. 'श्री' पाकिटावर तसंच राहिलं, पण दर वर्षीचं एकेक पाकीट आता भैयाजी कपाटात ठेवतात. बाकीचं अजूनही कन्हानेला जातं. माणसाची सवय अशी सुटत नाही.

मे महिन्यात देवकी सरगुंड्यांची दुरडी घेऊन सावनेरला गेली. माजघरात एक गोऱ्या, उंच, करारी बाई बसल्या होत्या. मनकर्णाच्या विहीणबाई. मनकर्णा खाली मान घालून म्हणाली, सहीच्या आदल्या दिवशीच मी यांना सगळं सांगितलं. दुसऱ्याच्या तोंडून कळण्यापेक्षा ते बरं. दोन दिवस त्या बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, ती बाई इथं येईल तेव्हा मला निरोप धाडा.

विहीणबाई उठल्या. आता या काय बोलतात म्हणून देवकी दुरडी छातीशी धरून उभी राहिली. त्यांनी ती दुरडी काढून घेऊन बाजूला ठेवली, देवकीचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले, उलटेपालटे करून पाहिले. कणीक मळून जाड झालेली बोटं, काडीने घट्टे पडलेली.

"हे होय ते हात," त्या म्हणाल्या. "तेरा वर्षं मी सांगत फिरली. एकदा पाहा लागत होते."

आणि त्यांनी ते हात उचलून आपल्या डोळ्यांना लावले. मनकर्णा पदराने डोळे पुसत रस काढायला आत गेली. देवकीला आभार मानायचे होते, सगळ्यांचे, एकेकीचे, पण जोडायचे ते दोन्ही हात विहीणबाईंच्या हातांत अडकलेले होते.