चोवीसातला एक नावाडी

सिनेमाच्या चौथ्या भागाच्या खेळण्यांच्या एका खोक्यात चोवीस नग भरायचे होते आणि त्यातला एक इंदूचा नवरा होता. बारा राजपुत्र, सहा घुबडराण्या, पाच लोखंडी सैनिक आणि एक नावाडी. नावाडी म्हणजे भालचंद्रच. वीतभर उंची, डाव्या भुवईत तीच जुनी खाच, बोलायच्या आधी मान जराशी पुढे काढायची तीच ढब. हातातलं वल्हं तेवढं जास्तीचं होतं. इंदूने त्याला पुढून-मागून पाहिलं, पुठ्ठ्याला टेकवलं, दोन्ही मनगटांवरून आणि कमरेवरून तार घेतली, मागच्या बाजूने पीळ दिला आणि प्लास्टिकचं झाकण बसवायला पुढे सरकवलं. मागून राजपुत्र येतच होते.

इंदू डावखुरी, त्यामुळे तिचा पीळ उलटा बसायचा. पॅकिंगवर देखरेख करणाऱ्या खोतसाहेबांनी सुरुवातीला आरडाओरडा केला, मग नाद सोडला, कारण तिचा एकही नग कधी परत आला नव्हता. पीळ द्यायचे ते अडीच. दोन दिले तर खेळण्याचा हात सुटतो, तीन दिले तर मनगटावर वळ पडतो आणि तो पुन्हा जात नाही. चौदा वर्षं ती अडीच पीळ देत आली होती.

संध्याकाळी तिने घरी सांगितलं. भालचंद्र वसाहतीच्या पाण्याच्या टाकीवर पंप चालवायचा. जन्मात कधी कॅमेऱ्यासमोर उभा राहिला नव्हता, आणि पोहायचं म्हणाल तर विहिरीत डोकावतानाही कठडा घट्ट धरायचा.

"तुम्ही यादीत आलात," ती म्हणाली.

"कोण म्हणून?"

"नावाडी."

"किती?"

"चोवीसात एक."

त्याने भात कालवला आणि तसाच ठेवला. "देसायांच्या आईसुद्धा एकच होत्या," तो म्हणाला.

देसायांच्या आई दुसऱ्या भागात जंगलातली म्हातारी म्हणून आल्या होत्या. म्हातारी कोण घेणार? दुकानादुकानांतून त्या खुंट्यांवर धूळ खात लटकत राहिल्या आणि तिसऱ्या भागाच्या खोक्यात निघाल्याच नाहीत. तिसरा भाग ज्या शुक्रवारी लागला त्या सकाळी देसायांकडे आई नव्हत्या. त्यांची खुर्ची नव्हती, चष्म्याचं घर नव्हतं. रेशनकार्डावर त्यांच्या नावाची ओळ नव्हती आणि मधे जागाही सुटलेली नव्हती. देसाई मात्र दोन कप चहा करायचे आणि दुसरा कप कुणाचा ते न आठवून मोरीत ओतायचे.

हे वसाहतीत सगळ्यांना ठाऊक होतं. एकदा खोक्यात आलेला माणूस खपला तर पुढच्या खोक्यात येतो, नाही खपला तर येत नाही. पुढच्या खोक्यात जो नाही तो पुढच्या भागात नाही, आणि पुढच्या भागात जो नाही तो घरी नाही. जे कधी खोक्यात आलेच नव्हते त्यांना ही धास्ती नव्हती. इंदू त्यांच्यातली होती, आणि त्या रात्री तिला त्याची लाज वाटली.

सहा महिन्यांनी चौथा भाग लागला. भालचंद्र तीन मिनिटं दिसला. राजपुत्राला होडीतून पलीकडच्या काठावर सोडलं, "जपून जा, मालक," एवढं बोलला आणि वल्हं मारत परत गेला. थिएटरात कुणी त्याच्याकडे पाहिलंही नाही. शेजारी बसलेला भालचंद्र स्वतःच म्हणाला, "मी तरी नीट बघितलं असतं का मला?"

नुसतं खपूनही भागत नव्हतं. पॅकिंगला इंदूच्या शेजारी बसणारी शालन घुबडराणी होती, चोवीसात सहा. घुबडराण्या धडाधड खपल्या. मुंबईपासून नागपूरपर्यंत पोरींनी पाकिटं फाडली, पंख ओढले, हात पिरगाळले, आंघोळीच्या बादलीत बुडवल्या. दिवाळीपर्यंत शालनचा डावा हात खांद्यात खुळखुळू लागला आणि एका दुपारी डबा उघडताना निखळून पडला. तिने तो पिशवीत घातला. एका हाताने आणि दातांनी ती तार पिळू लागली.

"दुखतंय का गं?" इंदूने विचारलं.

"दुखंल कशाला? खपतीय ना मी, मग झालं तर."

मिरजेच्या बाजारात एका दुकानात इंदूला नावाडी उघडा दिसला. पोरांनी हाताळावं म्हणून दुकानदार एक नग पाकिटातून काढून साखळीला बांधून ठेवतात, तसा तो ठेवला होता. उघडा नग खेळायला, बंद नग विकायला, असा सगळीकडचा रिवाज. त्याचा अंगठा कुणीतरी चावून चपटा केला होता. घरी येऊन बघते तर भालचंद्र अंगठ्याला हळद लावून बसला होता.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा मिरजेला गेली, त्या उघड्या नगासाठी दुकानदाराशी हुज्जत घातली आणि तो घेऊन आली. ओट्यावर बसून तिने तो पुठ्ठ्याला लावला, तार घेतली, अडीच पीळ दिले, झाकण चिकटवलं. आतल्या खोलीतून भालचंद्र म्हणाला, "ठणका थांबला बघ."

तेव्हाच तिने ठरवलं. सगळे नावाडी आपण घ्यायचे आणि एकही फोडायचा नाही. खपल्याची नोंद होईल आणि कुणाच्या हातीही लागणार नाही. इतका साधा मार्ग देसायांना का सुचला नाही याचं तिला नवल वाटलं.

तिने जिवाचं रान केलं. रविवार कराडचा, गुरुवारची सुट्टी सांगलीची, मग इचलकरंजी, सोलापूर, बार्शी. कानातलं, हातातलं सगळं गेलं. खोक्यात एकच असल्यामुळे दुकानात एकच मिळायचा, तोही मागच्या खुंटीवर. ती पिशव्या भरून आणायची आणि घरात खिळे ठोकून लटकवायची. आधी भिंती भरल्या, मग दारामागची जागा, मग पंख्याची दांडी. तळहातावरच्या फोडासारखी जपायची ती त्यांना, रोज कोरड्या फडक्याने पुसायची.

भालचंद्रच्या चेहऱ्यावर आधी एक चकाकी आली. मग एका सकाळी चहाचा पेला ओठांच्या चार बोटं अलीकडेच टक्कन अडला. त्याने पुन्हा नेला, पुन्हा अडला. इंदूने हात लावून पाहिलं. पारदर्शक होतं, गुळगुळीत होतं, आणि कडेला कुठे फट नव्हती.

"एक तरी फोड गं," तो आतून म्हणाला. आवाज शेजारच्या घरातून आल्यासारखा होता.

"आणि कुणी हात उपटला म्हणजे? शालनचं बघितलंत ना?"

"शालन पाणी तरी पिते."

"पाचव्या भागाची यादी येऊ दे. मग फोडते."

त्याने मान पुढे काढली, ती झाकणाला अडली. आठवड्याभरात त्याच्या पाठीला पुठ्ठा आला. मग त्याला आडवं होता येईना, तो भिंतीला टेकून उभाच राहायचा. टाकीवरचा पंप दुसऱ्या कुणी चालवायला घेतला. रात्री इंदू त्याच्या पायाशी अंथरूण घालून झोपायची आणि प्लास्टिकवर हात ठेवायची. तिला त्याची ऊब लागत नव्हती. बावीस वर्षांच्या संसारात एवढं एकटं तिला कधी वाटलं नव्हतं.

पाचव्या भागाची यादी खोतसाहेबांनी बाकावर ठेवली. एकच ओळ होती. नावाडी, चोवीसात चोवीस.

इंदूला आधी आनंदच झाला. तोंडावर पदर धरून ती हसली. राजपुत्र नाही, सैनिक नाही, एवढ्या सगळ्यांना मागे सारून तिचा भालचंद्र! मग शालनने उरलेल्या हाताने कागद ओढून घेतला, वाचला, उलटा केला, परत सुलटा केला.

"इंदूताई, माझं नाव कुठं दिसंना."

"पुढच्या पानावर असेल."

"पुढचं पान न्हाई."

दोघी कागदाकडे बघत बसल्या. शालनने विचारलं, "दुकानातनं समदे नावाडी तुम्हीच उचललं व्हय?" इंदू तार उलगडत राहिली. शालन चिडली असती, चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, "मला सांगायचं की. म्या दोन आणून दिलं असतं. आमच्या फलटणला लई पडून हायती," आणि दातात तार धरून पुढचा नग ओढला. इंदूला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण यादी बदलायला सांग असं काही ती खोतसाहेबांना म्हणाली नाही. तेही खरंच.

वसाहत एव्हाना सिनेमावाल्यांच्या पार्काच्या आतच होती. दुसऱ्या भागानंतर भिंत सरकली होती. तिसऱ्या भागात नदी होती म्हणून गल्लीतून नदी गेली, आणि लोक चपला हातात घेऊन दूध आणायला जाऊ लागले. आता पार्काचे आखणीवाले पुन्हा आले. टेपाने मोजत, पांढरी फक्की टाकत ते इंदूच्या चौदा नंबरच्या दारात पोचले आणि तशीच रेघ ओढत स्वयंपाकघरात शिरले.

"हा नावाड्याचा घाट," त्यांच्यातला मोठा म्हणाला. "रांग नदीवरून येणार, या भिंतीपाशी थांबणार. ही भिंत काचेची करू. मागच्या दारातून दुकान."

"मागच्या दारात माझी तुळस आहे," इंदू म्हणाली.

"रांग शेवटी दुकानातूनच बाहेर काढायची असते, ताई. नाहीतर लोक नुसतं बघून जातात."

त्याने भालचंद्रची उंची मोजली, रुंदी मोजली, वहीत लिहिली. भालचंद्र आतून काहीतरी बोलत होता. त्याच्या मनगटांवर तार आलेली इंदूला तेव्हा दिसली.

"यांना पाणी पाजायचंय," ती म्हणाली. "कधी फोडू?"

"फोडताय कशाला? पोरांना आत बंद दिसला पाहिजे, म्हणजे बाहेर दुकानात तसाच मागतील. आणि फोडलात तर तो खेळायचा झाला. मग रांगेची साखळी काढावी लागते, पोरं आत सोडावी लागतात. आमच्या हातात नसतं ते."

पाचवा भाग शुक्रवारी लागला. सकाळी पॅकिंगला इंदूच्या शेजारी बाक नव्हता. पुढचा बाक तिच्या बाकाला चिकटून होता, मधे बोटभरही जागा नव्हती. तिला उगाच वाटत राहिलं की दुपारचा डबा अर्धा कुणाला तरी द्यायचा असतो. तिने तो अर्धा खाल्ला आणि उरलेला तसाच घेऊन, अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी निघाली.

गल्लीत नदीच्या दोन्ही काठांना रांग होती. हजारभर पोरं, प्रत्येकाच्या खांद्यावर कागदी वल्हं. इंदू त्यांच्यातून वाट काढत घरात शिरली. काचेच्या भिंतीपलीकडे साखळी होती आणि साखळीपाशी लाल टोपी घातलेला माणूस उभा होता. अलीकडे भालचंद्र, आणि त्याच्या चहूबाजूंना खिळ्याखिळ्याला लटकलेले नावाडी. सगळ्यांची मान जराशी पुढे.

त्याचे ओठ फुटले होते. इंदूला ते बघवलं नाही. यादी झाली, भाग लागला, आता कशाची वाट बघायची? तिने भाजीची सुरी घेतली आणि त्याच्या डोक्यापासून कमरेपर्यंत झाकण कापलं. आतून शिळ्या उन्हाचा वास आला. पेला त्याच्या ओठांना लावला, तो घटाघटा प्यायला, अर्धं पाणी गळ्यावरून खाली गेलं. मग पुठ्ठ्यामागे हात घालून तिने उजव्या मनगटाचा पीळ चाचपला. पीळ उलटा होता. डाव्या हाताचा. तिचाच.

तिने तो सोडवला. भालचंद्रने हात उचलला आणि तिच्या गालावर ठेवला. हात गरम होता. किती महिन्यांनी! ती त्या हातात तोंड खुपसून हुंदके देऊन रडली.

"दुसरापण सोड," तो म्हणाला.

तेवढ्यात बाहेरचा गलबला थांबला. तिने मान वळवली. पोरांनी नाकं काचेला लावली होती. त्यांनी हललेला हात पाहिला होता. लाल टोपीवाल्याने वाकून साखळीचा आकडा काढला आणि काचेची भिंत बाजूला सरकवली. पहिली पोरगी आत आली. पाच-सहा वर्षांची, समोरचे दात पडलेली, दोन्ही हात पुढे केलेली. तिच्यामागे दुसरी. तिच्यामागे सगळी.

"इंदू," भालचंद्र म्हणाला, "दुसरा सोड लवकर."

इंदूने त्याचा हात गालावरून काढला. खाली नेला. पुठ्ठ्यावरच्या त्याच्या जागी बसवला.

"हे काय करतेस?"

"थोडेच दिवस," ती म्हणाली. "सहावा लागू दे."

तिने खाली पडलेली तार उचलली, त्याच्या मनगटावरून घेतली आणि डाव्या हाताने पिळली. एक. दोन. अर्धा. पोरगी अजून येतच होती. इंदूने त्याच्या तोंडाकडे न बघता उरलेला अर्धाही दिला.